भिंगावरचं कुंकू

त्या दिवसांत आमच्या गच्चीची किल्ली माझ्या डब्याच्या पिशवीत असायची. ऑफिसला जाताना बरोबर न्यायची, येताना बरोबर आणायची. घरात कुठेही ठेवली तर पोरगी शोधून काढेल अशी मला धास्ती होती. पोरगी म्हणजे माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची. दहावीला चांगले मार्क मिळवून हौसेने कॉलेजात गेली, जेमतेम दीड महिना गेली, आणि जुलैतल्या एका सोमवारी अंथरुणातून उठलीच नाही. मंगळवारीही नाही. आठवड्याने आम्ही रागावलो, दोन आठवड्यांनी समजूत घातली, तिसऱ्या आठवड्यात घाबरलो. कारण विचारू नका. लोकांनी खूप विचारलं, मी तिला त्याहून जास्त विचारलं, आणि आजही मला ते नीट माहीत नाही.

बेंगळुरातल्या चामराजपेटेत आमची जुनी, तीन मजली घरांची, दाटीवाटीची गल्ली आहे. इथे कोण खोकलं तरी चौथ्या घरात कळतं. मुलगी कॉलेजात का जात नाही, याची चौकशी भाजीवालीपर्यंत पोचली होती. नवरा आनेकलजवळच्या एका कारखान्यात आहे. त्याने दुपारची पाळी मागून घेतली. मी विमा कंपनीत आहे. मी अर्धा दिवस बिनपगारी करून घेतला. एकच्या सुमाराला मी घरात शिरायची आणि तो डबा घेऊन बाहेर पडायचा. उंबऱ्यात आमची भेट व्हायची. तो म्हणायचा, "पोळीचा अर्धा तुकडा खाल्ला," किंवा म्हणायचा, "आज नाही." एवढंच. लग्नाला वीस वर्षं झालेली दोन माणसं पोटच्या पोरीवर पाळीपाळीने पहारा देत होती.

पहाऱ्याचं कारण सांगते. ऑगस्टमधली एक सकाळ होती. सहा वाजले असतील. मला जाग आली तर तिचं अंथरूण रिकामं, आणि जिन्यावरून गार वारा खाली येत होता. गच्चीचं दार उघडं होतं. मी वर धावले. ती कठड्यावर कमरेपर्यंत वाकलेली, एक हात पुढे ताणलेला. मी हाक मारली नाही. हाक मारली तर दचकेल, एवढं त्या क्षणी सुचलं. मागून जाऊन मी तिचा कुडता धरला आणि ओढली. दोघी पडलो. तिच्या हातातला बापाचा जुना फोन फरशीवर आपटून तडकला. आणि मी, जिने सोळा वर्षांत तिच्या अंगाला बोट लावलं नव्हतं, तिने तिला एक सणसणीत थोबाडीत दिली.

ती गाल चोळत खाली गेली. संध्याकाळी मी बाजारातून मोठं पितळी कुलूप आणलं.

दोन दिवसांनी तो तडकलेला फोन मी उघडून पाहिला. आत शेकडो फोटो होते आणि सगळे एकच. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी, आणि टाकीवर एक तपकिरी ठिपका. मोठं करून पाहिलं तर ठिपक्याचा चिखल व्हायचा. शेवटी एका फोटोत ठिपक्याने पंख उघडले होते म्हणून कळलं की ती घार आहे. मार्केटजवळच्या मटणाच्या दुकानांमुळे आमच्याकडे घारी उदंड. आम्ही कधी मान वर करून पाहतसुद्धा नाही. ही मात्र महिनाभर रोज पहाटे उठून, आम्ही झोपलेले असताना, एकाच घारीचे फोटो काढत होती.

म्हणजे ती फोटो काढायला वाकली होती. हे कळल्यावर मी कुलूप काढायला हवं होतं. काढलं नाही. फोटो काढायला वाकली होती हे खरं, पण फक्त फोटो काढायलाच वाकली होती, हे मला कोण सांगणार होतं? तिला विचारायचं धैर्य मला नव्हतं. तिने खरं उत्तर दिलं असतं तर?

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला तिच्याशी बोलत राहिल्या. मला एकटीला बसवून म्हणाल्या, "काहीतरी तिला अंथरुणातून बाहेर ओढतंय. ते काय आहे ते बघा आणि सोडू नका." मी घरी येईपर्यंत बसमध्येच ठरवून टाकलं होतं की तिला कॅमेरा घ्यायचा. खरा, मोठा, लांब भिंगाचा. आता हसू येतं, रडूही येतं. कुलूप काढायच्या ऐवजी मी कॅमेरा घ्यायला निघाले होते.

माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट डोक्यात घेतली की मी समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. ऑफिसातल्या प्रत्येकाला मी छळलं. एकाचा मेहुणा लग्नाचे फोटो काढायचा. त्याने फोनवर अर्धा तास इतके आकडे सांगितले की माझं डोकं भणाणून गेलं. दुसरी म्हणाली, "हल्ली फोनमध्येच सगळं येतं की, कशाला खर्च?" तिच्याशी मी आठवडाभर बोलले नाही. एका चकचकीत शोरूममध्ये गेले तर तिथल्या टाय लावलेल्या मुलाने विचारलं, "मॅम, ट्रॅव्हल की वाइल्डलाइफ?" मी म्हटलं, "घार." तो म्हणाला, "मग वाइल्डलाइफ," आणि कपाटातून एवढं मोठं धूड काढलं की मला ते दोन हातांनीही पेलेना. पोरीला विचारून बघू, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. तिच्यासाठी चाललं होतं ना सगळं, मग तिला काय विचारायचं!

शेवटी नवऱ्याने कुठून तरी शिवाजीनगरच्या एका दुकानाचा पत्ता आणला. दुकान कसलं, बसस्टँडमागच्या गल्लीत लाकडी जिना चढून गेलं की एक खोली. एक म्हातारा मेस्त्री डोळ्याला भिंग लावून कॅमेरे दुरुस्त करायचा आणि जुने कॅमेरे विकायचा. सुट्टीच्या शनिवारी नवऱ्याला घरी बसवून मी गेले. म्हाताऱ्याने डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. तसाच वर बघून म्हणाला, "बोलो अक्का."

मी सगळं बोलले. म्हणजे सगळं सोडून बाकीचं बोलले. मुलगी सोळा वर्षांची, पक्ष्यांची आवड, पहिलाच कॅमेरा. त्याने विचारलं, "बच्ची किधर है?"

"परीक्षा आहे तिची," मी ठोकून दिलं.

"परीक्षा होने दो. फिर लेके आओ." तो दखनी, कन्नड आणि आमचं थोडंसं मराठी यांची भेळ करून बोलत होता. "कॅमेरा आँख का नहीं अक्का, हाथ का काम है. हाथ लाओ पहले."

मी हट्ट धरला तेव्हा त्याने दोन कॅमेरे काढून काचेच्या टेबलावर ठेवले. एक मोठा, भिंगं बदलता येणारा; त्याला लांब नळकांड्याचं भिंग लावलं की दूरचं जवळ येतं. दुसरा त्याच्या निम्म्याने, भिंग कायमचं बसवलेलं, पण बटण दाबलं की तेच भिंग लांब बाहेर सरकत जातं. त्याने मला खिडकीपाशी नेलं आणि छोट्यातून मशिदीच्या मिनाराकडे बघायला लावलं. मिनारावरचं कबूतर माझ्या नाकासमोर आलं. "पहिल्यांदा शिकणाऱ्याला हाच," तो म्हणाला. "हलका. धूळ आत जात नाही. सकाळच्या अंधारात स्वल्प कमजोर, पण बच्चीचा हात दुखणार नाही. दुखला की कॅमेरा कपाटात जातो."

मला तो आवडला नाही. खेळण्यासारखा वाटला. माझ्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि मी तिला खेळणं देऊ? मग मी मोठा उचलला आणि त्याने सांगितल्याप्रमाणे बटण दाबलं. खटाक्! खणखणीत आवाज झाला, आतलं काहीतरी वर जाऊन खाली बसल्याचा. छोट्याचं बटण दाबलं तर काहीच नाही. म्हातारा म्हणाला, "इसमें भी आवाज है, लेकिन नकली. डालेला है. चिड़िया उड़ जाती, म्हणून मी बंद करून ठेवतो."

त्याच क्षणी माझी निवड झाली. मोठाच. कारण मला दिसायला लागलं होतं, मी जिन्यात बसले आहे, ती वर गच्चीत आहे, आणि दर थोड्या वेळाने खटाक्, खटाक् ऐकू येतंय. जोवर आवाज येतोय तोवर ती आहे. कॅमेरा तिला फोटो काढायला हवा होता, आणि मी तो निवडत होते गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखा. म्हाताऱ्याला मी यातलं काही सांगितलं नाही.

तरी त्याने तो त्या दिवशी दिला नाही. "हाथ लाओ," एवढंच म्हणत राहिला. मी चिडून जिना उतरले, आणि घरी येऊन तोच राग पोरीवर काढला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ऊठ. शिवाजीनगरला जायचंय."

"बेडा अम्मा, नको."

"तुझ्यासाठीच जायचंय. कॅमेरा घ्यायला."

ती वळली नाही. भिंतीकडेच बघत म्हणाली, "मी मागितला का?"

मी तिथेच उभी राहून वाट्टेल ते बोलले. तुझ्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली, तुझा बाप मध्यरात्री येऊन पहाटेपर्यंत छताकडे बघत असतो, आणखी आम्ही करायचं तरी काय? ती पांघरूण डोक्यावर ओढून घेत होती आणि मी ते खेचत होते. नवऱ्याने मला दंडाला धरून बाहेर नेलं. स्वयंपाकघरात मी ओट्याला डोकं टेकून उभी राहिले. मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं, बाळंतपणातही नाही.

पुढच्या आठवड्यात दसरा होता. मी परत शिवाजीनगरला गेले आणि म्हाताऱ्यासमोर हात जोडले. म्हटलं, "ती येणार नाही. ती कुठेच येत नाही. मला मोठा द्या." त्याने पहिल्यांदाच डोळ्यावरचं भिंग काढलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग काही न विचारता मोठा कॅमेरा पुसून, पिशवीत घालून दिला. "हाताला नाही जमला तर परत आणा," म्हणाला. "और देखो, काच को उंगली नक्को लगाना."

मी बोट लावलंच नाही. जे लावलं ते वेगळंच होतं.

आमच्या घरात खंडेनवमी मोठी. आमची घराणी तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आली. मराठी घरातच उरली, आयुधपूजा मात्र सगळ्या बेंगळुरासारखी दणक्यात होते. माझे सासरे शिंपीकाम करायचे. त्यांची वीतभर पात्याची कात्री आजही देव्हाऱ्यापुढे पहिल्या मानाने मांडली जाते. तिच्याशेजारी नवऱ्याचे पाने, माझा ऑफिसचा लॅपटॉप, विळी, स्कूटरची किल्ली. त्या दिवशी कुठल्याही हत्याराला कामाला लावायचं नाही. ते विश्रांती घेतं. आणि घरात नवं हत्यार आलं तर ते आधी पूजेत ठेवायचं आणि दसऱ्याला पूजेतून उचलूनच ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. सासऱ्यांनी नवऱ्याला पहिला पाना असाच दिला होता. मला वाटलं, याहून चांगला मुहूर्त कुठला! कदाचित देवीच्या हातून आलेला कॅमेरा ती घेईल.

नवमीच्या सकाळी मी आंघोळ करून कॅमेरा मांडला. मोठं भिंग बसवलं. चंदनाच्या पाण्यात कुंकू कालवलं आणि ओळीने टिळे लावत गेले. कात्रीला पात्यावर, विळीला धारेवर, खाली जाऊन स्कूटरला तिच्या दिव्यावर. हत्याराच्या तोंडाला टिळा लावायचा, पाठीला नाही, हे मला सासूबाईंनी शिकवलेलं. वर येऊन कॅमेऱ्यापुढे बसले. त्याचं तोंड कुठलं? मी भिंगाचं काळं झाकण काढलं. आत गोल, निळसर काच चमकत होती, आणि त्यात माझा चेहरा उलटा दिसत होता. मी मनात म्हटलं, बाई गं, माझी पोर वाचव. आणि काचेच्या मधोमध तर्जनीएवढा कुंकवाचा ओला टिळा लावला, वर दोन अक्षता चिकटवल्या. पडू नयेत म्हणून झाकण परत दाबून बसवलं.

दसऱ्याच्या सकाळी मी कॅमेरा ताटात घेऊन तिच्या खोलीत गेले. नवरा दारात उभा होता. ती उठून बसली, हेच खूप होतं. तिने कॅमेरा हातात घेतला. तिचं मनगट वजनाने खाली गेलं. दुसरा हात खाली लावून तिने तो तोलला, फिरवून पाहिला, आणि झाकण काढलं.

वाळलेलं कुंकू काचभर पसरलं होतं. झाकणाखाली दाबल्याने टिळा फुटून त्याचं लाल डबकं झालं होतं आणि त्यात तांदळाचे दोन दाणे घट्ट रुतले होते.

ती बघत राहिली. मीही बघत राहिले. मग माझं डोकं फिरलं. मी ओढणीचा शेव घेतला आणि काच पुसायला धावले. एकदा घासलं, दोनदा घासलं, कुंकवाची कणी काचेवर करकरली.

"अम्मा, पुसू नको! पुसू नको! चरे पडतील, अम्मा!"

ती ओरडली. अडीच महिन्यांत त्या घरात तिचा एवढा मोठा आवाज झाला नव्हता. तिने माझा हात धरला होता, घट्ट, नखं रुतेपर्यंत. मी थांबले. काचेवर दोन बारीक रेघा उमटल्या होत्या. मी जमिनीवरच बसले आणि मला रडू फुटलं, गल्लीला ऐकू जाईल असं. मी म्हणत होते, मला काही कळत नाही गं, मी सगळं चुकीचंच करते, मी तुला मारलं, कुलूप लावलं, आता हेही घालवलं. मला तू हवीस. कॉलेज नको, मार्क नकोत, तू तेवढी राहा.

नवरा दारात तसाच उभा. तो हे कधीच बोलला नसता. तिने माझा हात सोडला. मग झाकण हलकेच परत लावून म्हणाली, "ते दुकान आज उघडं असतं का?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी घाईने उठले. ती विचार बदलेल म्हणून केससुद्धा विंचरू दिले नाहीत तिला.

रिक्षात ती अंग चोरून, पिशवी छातीशी धरून बसली होती. रस्त्यावर आदल्या दिवशी फोडलेल्या कोहळ्यांचा कुंकू घातलेला लगदा पडला होता. बसना केळीचे खांब बांधलेले. मी सारखी तिच्याकडे बघत होते, तिला घाम येतोय का, परत फिरू म्हणते का. तिचे ओठ पांढरे पडले होते. सिग्नलला शेजारी एक रिक्षा थांबली, तिच्या दिव्यावर कुंकवाचा भलामोठा गोळा. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "त्याच्या पण डोळ्यात घातलंय." मी हसायला गेले तर पुन्हा रडूच आलं.

म्हाताऱ्याने झाकण काढलं. कसलं तरी द्रावण, कापसाच्या काड्या, एक मऊ ब्रश घेऊन तो कामाला लागला. तांदळाचे दाणे त्याने चिमट्याने उचलून कागदाच्या पुडीत बांधले आणि माझ्यासमोर ठेवले. देवाचं आहे, कचऱ्यात कसं टाकणार, असं त्याला वाटलं असावं. काम चालू असताना त्याने तिला विचारलं, "क्या फोटो निकालती बेटा?"

"घार. एकच आहे. तिच्या शेपटीचं एक पीस तुटलंय. समोरच्या टाकीवर बसते."

तुटलेलं पीस मला माहीत नव्हतं. शेकडो फोटो मी बघितले होते.

"किधर से निकालती?"

"गच्चीवरून." ती थांबली. "पण आता गच्चीला कुलूप आहे."

म्हाताऱ्याचा हात क्षणभर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्याची मेहेरबानी. मी खिडकीबाहेर त्या मिनाराकडे बघत राहिले. डब्याची पिशवी माझ्या खांद्यालाच होती आणि तिच्यात ती किल्ली होती.

काच स्वच्छ झाली. दोन रेघा राहिल्या. "फोटोत दिसणार नाहीत," तो म्हणाला. मग त्याने छोटा कॅमेरा काढून, काही न सांगता, तिच्या हातात दिला. तिचा उजवा हात त्याच्याभोवती आपोआप मिटला. तिने तो डोळ्याला लावला, खिडकीकडे वळली, भिंग सरसर बाहेर आलं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. हात हलत नव्हता. अडीच महिने जिचा पाण्याचा पेला थरथरत होता, तिचा हात हलत नव्हता.

"हा," ती म्हणाली.

"पण याला आवाज नाही गं," माझ्या तोंडून निघून गेलं.

ती माझ्याकडे वळली. "आवाज कशाला?"

मी म्हटलं, "काही नाही. सरी, ठीक आहे. हाच घेऊ." पण ती लगेच नजर काढून घेईना. आमच्या जिन्यात बसून मी तिच्या खोलीचा कानोसा घेते, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, असं आता मला वाटतं. म्हाताऱ्याने मोठा ठेवून घेतला.

घरी आल्यावर तिने जेवण नको म्हटलं आणि थकून झोपली. संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कुलपाने ती बरी होणार नाही. पण तुम्ही जवळ राहा, आणि मनातली भीती तिला स्पष्ट विचारा. मी फोन ठेवला आणि तिच्या अंथरुणाशी जाऊन बसले. आणि विचारलं. जे ऑगस्टपासून विचारलं नव्हतं ते, आडून आडून नाही, सरळ. ती छताकडे बघत म्हणाली, "कधी कधी वाटतं, अम्मा. त्या दिवशी नव्हतं वाटत. त्या दिवशी घार होती." मी तिचा हात धरला. "वाटलं की मला सांगशील?" म्हटलं. तिने कूस बदलून माझ्याकडे तोंड केलं. मग म्हणाली, "प्रयत्न करीन."

एवढ्यावर मला दुसऱ्या सकाळी किल्ली द्यायची होती.

सव्वासहाला ती कॅमेरा गळ्यात घालून माझ्यापुढे उभी राहिली. "किल्ली."

"मी येते बरोबर."

"तू आलीस की ती उडते." मग हळूच म्हणाली, "जिन्यात बस हवं तर."

मी डब्याच्या पिशवीतून किल्ली काढली. कुलूप तिने स्वतः उघडलं. ती वर गेली आणि दार तिने लोटून घेतलं. मी वरून चौथ्या पायरीवर बसले.

काही ऐकू येईना. खाली दूधवाल्याची सायकल गेली, कुणी अंगणात सडा टाकला. वरून काही नाही. छोटा कॅमेरा, बिनआवाजाचा. मी मनात तिची पावलं मोजायला लागले, आमच्या टाकीपर्यंत बारा, कठड्यापर्यंत सोळा. मी उठले, बसले, परत उठले. दाराच्या फटीला कान लावला तर माझाच श्वास ऐकू येत होता. एक मिनिट गेलं असेल, किंवा पाच. मी कडीला हात घातला. आता आत शिरणार, तिला धरून खाली आणणार, कुलूप लावणार, आणि या वेळी किल्ली विहिरीत टाकणार, असं माझं ठरलंच होतं.

टिक्.

बारीक, प्लास्टिकचा, नकली आवाज. म्हाताऱ्याने बंद करून दिलेला. तो आपोआप चालू होत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तो शोधावा लागतो.

टिक्, परत आला. आणि थोड्या वेळाने परत. घारीचा आता फोटो निघत असेल की ती आवाजाने उडून जात असेल, मला माहीत नव्हतं. मी कडीवरचा हात काढला आणि चौथ्या पायरीवर येऊन बसले.